चार नंबरचं मशीन

आर्जवचं नाव माझ्यासमोर काढू नका. काढायचंच असेल तर आधी सगळं ऐकून घ्या, कारण कराडात अजून अर्ध्या लोकांना वाटतं की आम्ही दोघांनी मिळून पोरांना फसवलं. मी फसवलं नाही. हे मी किती जणांना सांगितलं असेल त्याला गणती नाही. ऐकणारा मान डोलावतो, "व्हय की" म्हणतो, आणि त्याच्या तोंडाकडं बघूनच कळतं की पठ्ठ्याचा विश्वास बसलेला नाही.

अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव सालची गोष्ट. मी प्रबुद्ध. वडील धनाजी, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला दोनदा आपटलेला. आर्जव सांगलीचा, जैन घरातला, वडील मदनशेठ हळदीचे व्यापारी. तो इंजिनिअरिंगला इथं कराडात होता आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी खोली घेऊन राहायचा. चार वर्षं आम्ही एका ताटात जेवलो म्हटलं तरी चालेल. माझी आई त्याच्यासाठी लसूण-कांदा न घालता वेगळी आमटी करायची, आणि तो आमच्या घरात सरळ आत येऊन माठातलं पाणी घ्यायचा. त्या काळात ते सगळेच करत नव्हते, म्हणून सांगतो.

पास झाल्यावर त्याला बापाच्या पेढीवर बसायचं नव्हतं. त्यानं कराडातच एका इमारतीत वरच्या मजल्यावर आठ कॉम्प्युटर मांडले, ते वायरनं एकमेकांना जोडले आणि गेम हॉल काढला. आख्ख्या कराडात तसं दुसरं ठिकाण नव्हतं. बंदुकांचा एक गेम होता, त्यात एक पडका किल्ला असायचा. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, आम्ही नुसतं 'किल्ला' म्हणायचो. दोघांनी दोन मशीनवर बसायचं आणि किल्ल्यात एकमेकांना हुडकून मारायचं. ज्याचे आधी वीस होतील तो जिंकला.

आता आमच्या भागात दोघं समोरासमोर आले की त्याची कुस्ती व्हायला वेळ लागत नाही. इमारतीखाली दादासो पैलवानांचं चहाचं हॉटेल होतं. कान मोडलेले, साठीचे, अजूनही दंड भरलेले. ते एकदा वर चहा द्यायला आले, दोन पोरं खेळताना बघितली आणि तिथंच उभे राहिले. पुढच्या रविवारपासून तेच पंच. रविवारी दुपारी मैदान भरायचं, पैलवान जोड पुकारायचे, जिंकणाऱ्याला नारळ आणि डोक्याला टॉवेलचा फेटा.

आणि माती लावायची. आखाड्यात दोन मल्ल भिडायच्या आधी एकमेकांच्या अंगाला माती लावतात, म्हणजे कुणी तेल चोपडून आला असेल तर कळतं. पैलवान म्हणाले, "हितं माती कुठनं आणायची? तुमच्या ह्या उंदराचीच तपासणी करा." मग आमच्यात रीतच पडली. सामन्याआधी दोघांनी आपापला माऊस काढायचा, खालची झाकणी फिरवून आतली रबरी गोळी बाहेर काढायची, शर्टाला पुसायची, आणि एकमेकांच्या हातात द्यायची. समोरच्यानं ती चोळून बघायची, परत घालायची आणि म्हणायचं, "बिनशंका." एकदा बिनशंका म्हटलं की मागनं कुरकुर नाही. त्या गोळ्या आम्ही इतक्या निष्ठेनं तपासल्या की विचारू नका. ज्या डब्यात आख्खं मशीन असतं, त्या कॉम्प्युटरच्या डब्याच्या आत काय आहे, हे बघायचं मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही. डब्यावर कंपनीचं सील होतं. ते तुटलं की वॉरंटी जाते, असं आर्जवनं भिंतीवर लिहूनच लावलं होतं.

पहिले चार महिने मी कधी जिंकायचो, कधी हरायचो. दहातले पाच-सहा माझे. दिवाळीनंतर आर्जव मुंबईहून माल घेऊन आला आणि मला म्हणाला, "चार नंबर आजपासून तुझं. कोपऱ्यात आहे, मागनं कुणी ढुशी मारत नाही. मॉनिटरपण नवा आणलाय."

मी बसलो आणि काय सांगू तुम्हाला, हरायचं बंदच झालं! चित्र काचेसारखं स्वच्छ दिसायचं, पण ते सगळे म्हणायचे मॉनिटर भारी आहे. घरात टीव्ही चांगला असला की चित्र चांगलं, एवढंच आम्हाला माहीत. रंग मॉनिटरचे आणि चपळाई माझ्या हाताची. अठरा रविवार मी हरलो नाही. पाटणहून, इस्लामपूरहून पोरं यायला लागली, मला हरवायला. माझा एक डावच प्रसिद्ध झाला होता. किल्ल्यात मधोमध एक हौद होता, चहूबाजूंनी मशाली, वर दारूगोळ्याची पिंपं. मी समोरच्याला पळवत पळवत हौदात न्यायचो आणि पिंपं उडवायचो. जाळ, धूर, पाण्यात त्याची चमक. समोरचा गडी त्या जाळात नेमका दोन क्षण थिजायचा. तेवढ्यात मी त्याला लोळवायचो. मला वाटायचं, घाबरतात लेकाचे. मी पोरांना समजावूनसुद्धा सांगायचो, "हौदात डोकं थंड ठेवायचं असतं." आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पण एक गोष्ट समजून घ्या. आमच्या वस्तीतल्या पोराला गावात कुणी नाव विचारलं की पुढचा प्रश्न आडनावाचा असतो. त्या हॉलमध्ये तो प्रश्न नव्हता. तिथं विचारायचे, "किती मारलेस?" बापाची ओळख सांगून मिळालेलं नव्हतं, सर्टिफिकेट दाखवून मिळालेलं नव्हतं, माझ्या दोन हातांनी मिळवलेलं होतं. निदान मला तसं वाटत होतं. माझे वडील, जे माझ्या निकालानंतर महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते, ते एका रविवारी वर्कशॉपचे कपडे न बदलता हॉलच्या दारात येऊन उभे राहिले. जाताना पैलवानांना म्हणाले, "माझं पोरगं हाय ते." त्या एका वाक्यावर मी पुढचे दोन महिने काढले.

मार्चमध्ये कृष्णात आला. दहिवडीकडचा, माण तालुक्यातला, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, हॉस्टेलवर राहायचा. अंगानं काटकुळा, बोलणं कमी. सहा नंबरवर बसला आणि त्यानं मला असं पळवलं की माझी हवाच टाईट झाली. सतरा-सतरापर्यंत आलो. तीन वेळा मी त्याला हौदात नेलं आणि तिन्ही वेळा तो थिजला. वीस-सतरा. टाळ्या पडल्या, फेटा आला. कृष्णात उठला आणि हळूच म्हणाला, "मशीन अडकत हुतं ओ. मी दाबत हुतो, पन ते हलतच न्हवतं."

मी काय म्हणालो असेन? "नाचता येईना, अंगण वाकडं!"

हॉल फुटला हसून. कुणी 'अंगण, अंगण' म्हणून ओरडायला लागलं. पैलवान म्हणाले, "पोरा, बिनशंका म्हनलास न्हवं? मग आता रडायचं न्हाई." तो खाली मान घालून गेला, परत आला नाही. हॉस्टेलवर त्याचं नाव 'अंगण' पडलं, असं नंतर कानावर आलं. मी तेव्हा हसलो होतो.

एप्रिलमध्ये आर्जवच्या चुलतबहिणीचं, चंदनाचं लग्न निघालं. तो चार दिवस सांगलीला गेला, हॉलच्या किल्ल्या माझ्याकडं. दुसऱ्याच दिवशी चार नंबरमधून घरघर यायला लागली. आतला पंखा कशाला तरी घासत होता. माझी बहीण दीक्षा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होती, तिला बोलावून आणलं. म्हटलं, "सील न तोडता काय होतंय का बघ."

तिनं डबा भिंतीपासून ओढला, मागं वाकून बघितलं आणि म्हणाली, "दादा, सील तर आधीच कुणीतरी ब्लेडनं कापलंय. आणि ही वायर कसली?"

डब्याच्या मागच्या बाजूला वीतभर वायर होती. एका कार्डातून निघून शेजारच्या दुसऱ्या कार्डात गेलेली. बाकीच्या सातांना तसलं काही नव्हतं. दीक्षानं झाकण काढलं. आत एक हिरवं, हातभर नाही पण चांगलं लांब कार्ड बसवलेलं होतं, त्याच्यावर काळ्या चिपांची रांग. पंख्याला त्याचीच सैल पट्टी घासत होती. तिनं पाच नंबर उघडला, सहा नंबर उघडला. दोन्हींत ते कार्ड नव्हतं. रॅमच्या पट्ट्यासुद्धा चार नंबरमध्ये दुप्पट.

"म्हणजे काय?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"हे थ्रीडी कार्ड. ह्याचं काम फक्त गेममधली चित्रं रंगवायची," ती म्हणाली. "बाकीच्यांत ते कामसुद्धा प्रोसेसरलाच करावं लागतं. आई एकटीच भाकरी थापते, भाजते आणि वाढतेही, तसं. चार माणसं असली तर भागतं, पंगत वाढली की ताटं रिकामी राहतात. इथं थापायला दुसरी बाई बसवलीय."

"पण त्यानं हरण्या-जिंकण्यात काय फरक पडतो?"

"जाळ, धूर, पाणी असं एकदम आलं की साधं मशीन गुदमरतं. सेकंदाला वीस-पंचवीस चित्रं काढणारं पाच-सातवर येतं. खेळणाऱ्याला वाटतं अडकलं. तुझं अडकत नसणार."

मी तिला म्हटलं, बस चारवर. मी सहावर बसलो. सगळं चित्र चौकोन चौकोन, भिंती खडबडीत. तरी म्हटलं, मॉनिटर जुना आहे. तिला कशानं पळायचं, कशानं गोळी मारायची ते सांगितलं, हौदाची जागा सांगितली, पिंपं कशी उडवायची ते सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा खेळत होती ती. पिंप उडालं आणि माझं चित्र थांबलं. मी माऊस आपटला, बटणं दाबली. चित्र हललं तेव्हा मी मेलेलो होतो. परत गेलो, परत तेच. जिला बंदूक कुठल्या बटणानं सुटते ते पाच मिनिटांपूर्वी कळलं होतं, तिनं मला, कराडच्या अजिंक्याला, हौदात ओळीनं तीनदा मारलं.

दीक्षा हसली नाही. मला आधी काय आठवलं असेल तर कृष्णातचं तोंड. मी दाबत हुतो, पन ते हलतच न्हवतं.

आर्जव लग्नाहून आला तो लाडूचा डबा घेऊन. मी झाकण काढलेलं चार नंबर टेबलावर मांडून बसलो होतो. त्यानं डबा खाली ठेवला आणि दार लावून घेतलं.

"कुणी उघडलं?"

"ते सोड. हे कुणी घातलं ते बोल."

"मी घातलं," तो म्हणाला. "प्रबुद्ध, ही पोरं इथं कशाला येतात? तुला हरवायला येतात. तू आज एकाकडून हरलास, उद्या दुसऱ्याकडून, तर पाटणहून कोण झक मारायला येईल? अजिंक्य आहे म्हणून मैदान आहे."

"म्हणजे मी तुझ्या दुकानातला बाहुला!"

"तुझ्यासाठीपण केलं. हरलास की दोन-दोन दिवस जेवायचा नाहीस, मी बघितलंय."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की समोरचा लाडूचा डबा भिरकावला. "मला सांगायचंस तरी! केसानं गळा कापलास माझा. अठरा रविवार मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा होऊन हिंडतोय आणि तू बघतोयस!"

तेव्हा तो माझ्याकडं जरा नवलानं बघत राहिला. म्हणाला, "तुला खरंच माहीत नव्हतं? मला वाटलं, तुला केव्हाच कळलंय आणि तू समजून उमजून गप्प आहेस."

हे वाक्य मी आजपर्यंत कितीदा उलटंपालटं करून बघितलंय. खरं बोलत होता की तिथल्या तिथं सुचलं, देव जाणे. पण चार वर्षं माझ्या घरात जेवलेल्या माणसाला मी असा वाटलो, ह्याचं जेवढं लागलं तेवढं त्या कार्डाचं लागलं नाही.

मी म्हटलं, ऐक. रविवारी कृष्णातची आणि माझी कुस्ती परत लावायची. कार्ड आहे तिथंच राहील. तो चारवर बसेल, मी सहावर. तरीही जिंकलो तर मी खरा. हरलो तर फेटा त्याला, आणि मग सगळ्यांसमोर झाकण मी उघडणार. तो हो-नाही करत राहिला. पुढच्या आठवड्यात त्याला सांगलीत दुसरा हॉल उघडायचा होता, 'कराडचा अजिंक्य प्रबुद्ध याच्याशी लढा' अशी माझ्या फोटोची हँडबिलंसुद्धा छापून झाली होती. मी त्याला खाली पैलवानांच्या हॉटेलात घेऊन गेलो. कार्डाचं काही न सांगता पैलवानांसमोर विचारलं, "चारवर कृष्णात, सहावर मी. मशीनं आज आहेत तशी. कुणी हात लावायचा नाही. शब्द?"

"शब्द," आर्जव म्हणाला आणि माझ्या हातावर हात मारला.

"पैलवान, ऐकलं न्हवं?"

"ऐकलं. पोरानं हात मारलाय, आता बात खतम," पैलवान म्हणाले.

हॉस्टेलवर गेलो. कृष्णात गॅलरीत कपडे वाळत घालत होता. मला बघून त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, "काय, आजून हसायचं राहिलंय व्हय?"

मी त्याला सगळं सांगितलं. वायर, कार्ड, दीक्षानं तीनदा मारलं ते. म्हटलं, "त्या दिवशी तुझं मशीन खरंच अडकलं होतं. मी बोललो ते चुकलं. रविवारी तू चारवर बस. त्यात कार्ड आहे. तोवर कुणाला सांगू नकोस, सगळ्यांसमोर मीच सांगणार आहे."

तो बराच वेळ ओला शर्ट पिळत राहिला. "माझ्या गावचं एक पोरगं हितंच हाय. त्यानं घरी जाऊन सांगितलं, कृष्णात रडका हाय म्हनून. आईनं पत्रात इचारलं, काय केलंस म्हनून." मग म्हणाला, "तुमी खरं बोलताय न्हवं?"

"खरं."

"यीन मी."

शनिवारी आर्जवनं वायरिंगचं काम म्हणून हॉल बंद ठेवला. दीक्षा म्हणाली, "दादा, सामन्याआधी दोन्ही डबे उघडून बघ." मी तिच्यावरच खेकसलो. म्हटलं, पैलवानांसमोर हात मारलाय त्यानं. शब्द दिल्यावर तपासायला जाणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं. आणि मला त्याला चोर म्हणायचं नव्हतं. एकदा केलं ते केलं, पण परत नाही करणार, असं मनातनं वाटत होतं. तुम्ही म्हणाल मूर्ख आहेस. म्हणा.

रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. वडीलसुद्धा आले होते, ह्या वेळी धुतलेला शर्ट घालून. जागा बदलल्यात म्हटल्यावर पोरांनी शिट्ट्या मारल्या. कृष्णातनं आणि मी गोळ्या काढल्या, पुसल्या, एकमेकांना दिल्या. "बिनशंका," तो म्हणाला. "बिनशंका," मी म्हणालो. आम्ही समोरासमोर बसलो, मॉनिटरच्या पाठी एकमेकांकडं.

किल्ला उघडला आणि मला भिंती दिसल्या. सपाट, स्वच्छ. मशालींचा उजेड पाण्यासारखा वाहत होता. सहा नंबरवर! पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते हे, की शहाण्यानं सगळ्याच मशीनना कार्डं आणून बसवली. वायरिंगचं काम म्हणजे तेच! मला इतका आनंद झाला की मी मागं वळून आर्जवला हुडकलं. तो दाराशी उभा होता आणि माझ्याकडं बघत नव्हता.

खेळ सुरू झाला. पाच-चार, नऊ-आठ. कृष्णात काय खेळत होता! मी जीव तोडून खेळलो, तुम्हाला खोटं सांगत नाही. तेवढ्यात चारच्या मागं उभा असलेला कुणीतरी ओरडला, "आरं, ह्या मॉनिटरला काय झालं? चौकोन दिसाय लागल्यात की!"

ते माझ्या कानावर पडलं आणि त्याच वेळी आम्ही हौदात होतो. सवयीनं पिंपावर गोळी गेली. जाळ झाला, पाणी चमकलं, आणि माझ्यासमोर कृष्णातचा गडी एक पाय उचललेला तसाच उभा राहिला. हलेना. माझं बोट दाबलं गेलं. दहा-आठ.

मी हात वर उचलले. कृष्णातचा गडी परत आला, मला मारलं. दहा-नऊ. परत मारलं. दहा-दहा. मी माऊसला हात लावला नाही. पोरं आरडायला लागली. "काय झालं रं?" "सोडतोय, सोडतोय!" आणि मग पैलवानांचा आवाज आला, मी त्यांना तसं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "थांबवा! माझ्या मैदानात नुरा कुस्ती न्हाई चालायची! ठरवून आलायसा व्हय?"

"पैलवान, डबे उघडा," मी म्हणालो. "दोन्ही."

"सील आहे, वॉरंटी जाईल," आर्जव दारातनं म्हणाला.

मी त्याच्याकडं लक्ष न देता सहा नंबर ओढला, स्क्रू फिरवले, झाकण फेकलं. ते हिरवं लांब कार्ड. दुप्पट रॅम. मग चार नंबर उघडला. कार्डाची जागा मोकळी. मी सगळ्यांना सांगायला लागलो, कार्ड म्हणजे काय, ते कशाला, आधी चारमध्ये होतं आणि शनिवारी ह्यानं ते सहामध्ये घातलं. मला वाटलं, आता सगळं लख्ख झालं.

पाटणचा एक पोरगा पुढं आला. म्हणाला, "म्हंजे तू चारवर बसायचास तवा ते चारमदी, आन् आज सहावर बसलास तर सहामदी?"

"हो! तेच सांगतोय!"

"मग तुझ्याच बुडाखाली कसं असतंय रं दर बारीला?"

मी वळलो आर्जवकडं. म्हटलं, "सांग ह्यांना. मला माहीत नव्हतं म्हणून सांग. आर्जव, एवढं एक सांग."

त्यानं आधी पोरांकडं बघितलं, मग पैलवानांकडं. तोंड पांढरं पडलं होतं. सगळं त्याच्या एकट्यावर आलं असतं तर पोरांनी हॉल त्याच दिवशी फोडला असता, हे त्याला कळत होतं. हात जोडून तो म्हणाला, "आमचं दोघांचं चुकलं. माफ करा."

आमचं दोघांचं! मी त्याच्या अंगावर धावून गेलो, पैलवानांनी मला मधेच कवळ्यात धरलं. मी ओरडत होतो, शिव्या देत होतो, आणि जेवढा ओरडत होतो तेवढा जास्त खोटा वाटत होतो, ते मलासुद्धा कळत होतं. वडील दारातनं बाहेर पडताना दिसले. दीक्षा "आबा, ऐका तरी" म्हणत त्यांच्यामागं धावली.

पैलवानांनी सोडलं तेव्हा हॉल निम्मा मोकळा झाला होता. कृष्णात अजून चार नंबरसमोर बसून होता. तो उठला, माझ्यापाशी आला. मला वाटलं, हा मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"चारमदी कार्ड हाय म्हनालासा तुमी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "ऱ्हाऊ दे. पन एक सांगतो. तुमी खेळत चांगलं हुता ओ. त्या दिवशीबी, आजबी. लय चांगलं. ह्येची काय गरज न्हवती."

मला म्हणायचं होतं की मला माहीत नव्हतं. शब्द जिभेवर होते. पण अर्ध्या तासात ते माझं पन्नासदा ओरडून झालं होतं, आणि त्याच्याकडं बघून एक्कावन्नाव्यांदा तोंड उघडेना. तो चपला घालून जिना उतरून गेला.